चार बादल्या आणि पांढरा रस्सा

मार्चच्या शेवटी एक सल्लागार फाईल घेऊन खानावळीत आला. म्हणाला, १ एप्रिल २०२६ पासून घनकचऱ्याचे नवे नियम लागू होतायत, तुम्ही 'मोठे कचरा उत्पादक' आहात, नोंदणी, प्रमाणपत्र सगळं मी बघतो, पंधरा हजार द्या. कोल्हापुरात राजारामपुरीत आमची चाळीस खुर्च्यांची खानावळ. रविवारी दारात रांग असते, तेवढं सोडलं तर आमच्यात मोठं काही नाही. पण त्यानं 'दंड' हा शब्द असा काही उच्चारला की मी चेकबुक काढायच्या बेतात होतो.

पोरीनं अडवलं. रात्री तिनं नियमच उघडून वाचून दाखवले. मोठा उत्पादक कोण? ज्याच्या इमारतीचं क्षेत्रफळ वीस हजार चौरस मीटर किंवा जास्त, किंवा रोजचा पाणीवापर चाळीस हजार लिटर, किंवा रोजचा कचरा शंभर किलो. तिन्हीतलं एक बसलं तरी पुरे. पहिल्या दोन्हींत आम्ही बसणं शक्यच नव्हतं. राहिला कचरा. तो किती निघतो, हे वीस वर्षांत आम्ही कधी बघितलंच नव्हतं.

मग मागच्या दारात ताणकाटा टांगला आणि आठवडाभर प्रत्येक बादली तोलली. रोज अडतीस-चाळीस किलो, रविवारी एकसष्ट. सल्लागाराला फोन करून आकडे सांगितले. तो म्हणाला, "बरं, बघून कळवतो." अजून कळवतोय.

म्हणजे सुटलो, असं मात्र नव्हतं. कचरा चार प्रकारांत वेगळा करणं सगळ्यांनाच लागू आहे : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. चौथ्यात जळके बल्ब, रंगाचे डबे, जुनी औषधं असलं येतं. ते आमच्याकडे महिन्याला मूठभर, एका खोक्यात भागतं.

सॅनिटरीचं मला वाटलं, आपला काय संबंध? भांडी घासणाऱ्या मावशींनी तोंड उघडलं, "मालक, आम्ही पाच बायका हाय हितं. इतकी वर्सं कागदात गुंडाळून घरी न्हेतोय." मी खाली बघितलं. त्याच दिवशी बाथरूममध्ये झाकणाची पेटी आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवला.

सुक्याचा त्रास नाही. पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, तेलाचे रिकामे डबे भंगारवाला नेतोच. फक्त पिशव्या आता धुऊन वाळवतो आणि आलेले पैसे पोरांच्या चहाला जातात.

खरी लढाई ओल्याशी झाली. नियमात मटणसुद्धा ओल्यातच, म्हणजे हाडं आली. पांढऱ्या रश्श्यासाठी रोज इतके नारळ फुटतात की चोथ्यानंच एक बादली भरते. करवंट्या चुलीत जातात, ते एक बरं. पण वजन कशाचं होतं, तर ताटात उरलेल्या रश्श्याचं! आमच्याकडे रस्सा हवा तेवढा, आणि वाढप्यांना दुसऱ्या खेपेचा कंटाळा, म्हणून वाटी काठोकाठ. अर्धं पिऊन माणूस उठतो आणि उरलेलं हाडांसकट बादलीत. बादली हिंदकळणार, मागची गल्ली लाल होणार.

रस्सा मोजून द्यायचं मनातसुद्धा आणलं नाही, कोल्हापुरात धंदा करायचाय. पोरांना एवढंच सांगितलं, पहिली वाटी अर्धी भरा आणि मागायच्या आत दुसऱ्यांदा जा. पहिल्याच दिवशी एक जुनं गिऱ्हाईक भडकलं, "काय मालक, हात आखडला व्हय?" तिसऱ्यांदा वाढल्यावर गप्प झालं. मोरीजवळ एका पातेल्यावर मोठी चाळण ठेवली. हाडं आणि चोथा वर राहतो, खाली उतरलेला रस्सा थंड झाला की वरची चरबी काढून ओल्यात टाकतो. पूर्वी तीच चरबी थंडीत मोरीत गोठायची आणि दर डिसेंबरला गटार उपसायला माणूस लागायचा. आता रोजची बेरीज सत्तावीस-अठ्ठावीस किलोवर आलीय.

रश्श्यात भिजलेला टिश्यू ओला की सुका, यावर आचारी आणि वाढप्यात अर्धा तास वाद झाला. वॉर्डातल्या आरोग्य निरीक्षकांना विचारलं. ते हसले, "ओल्यात टाका, पण आधी टिश्यू कमी करा." हात धुवायला दोन नळ वाढवले.

पार्सलचं अजून पुरतं जमलेलं नाही. एकशेवीस मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा देशभर २०२२ च्या अखेरीपासून बंद आहेत, तरी "पिशवीत बांधा की" म्हणणारे रोज चार भेटतात. म्हणून पाटी लावली : घरची किटली आणा, एक डाव रस्सा जादा. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं दूध पिणाऱ्या गावाला किटली नवी नाही. म्हातारी माणसं लगेच आणायला लागली, कॉलेजच्या पोरांना लाज वाटते.

ताणकाटा अजून तिथंच आहे. परवा एकानं विचारलंच, "मटण तोलून वाढताय काय?" आता आखाड येतोय. गेल्या आखाडात रविवारी दोन वेळा मटण संपलं होतं. यंदा त्या रविवारी काटा कुठं जातो, यावर आचाऱ्यानं माझ्याशी चहाची पैज लावलीय. तो म्हणतो ऐंशी, मी म्हणतो पन्नास.