फुकट देतोय तरी घेईनात!

बाबा गेल्यावर त्यांची पुस्तकं लायब्ररीला द्यायची असं घरात ठरलं आणि मला वाटलं काय, फोन करायचा, खोकी गाडीत टाकायची, संपला विषय. कसलं काय! ग्रंथपाल बाई म्हणाल्या, आधी यादी पाठवा, प्रत्येक पुस्तकाचं वर्ष आणि अवस्था लिहून. त्यात तीन रविवार गेले (अर्धा वेळ मी वाचतच बसलो ते सोडा). आणि २४० पैकी घेतली किती, तर ३१.

डोकंच फिरलं. फुकट देतोय तर एवढे नखरे? भांडायलाच गेलो खरं तर. तर त्यांनी मला आत नेऊन दाखवलं, पुस्तक फुकट आलं तरी दाखल नंबर द्यायचा, रजिस्टरला नोंद, कॉम्प्युटरवर नोंद, मग विषय बघून ड्यूईचा नंबर, म्हणजे त्या विषयाचा ठरलेला आकडा, टाकायचा (ही पद्धत १८७६ची, अजून चालतेय), लेबल, कव्हर आणि शेवटी कपाटात जागा, जी मुळात नाहीच. कसर लागलेलं एक आत गेलं की शेजारची पण गेली. टॅक्सची, औषधांची जुनी पुस्तकं तर त्या स्वतःच काढून टाकतात, कोणी ती वाचून डोस ठरवला म्हणजे? हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

गंमत म्हणजे बाबांचा जाडजूड, सोनेरी अक्षरांचा कादंबऱ्यांचा सेट नाकारला, कारण त्यातलं सगळं लायब्ररीत आधीच होतं आणि त्या प्रतींवर कित्येक वर्षांत तारखेचा शिक्का पडला नव्हता, म्हणजे कोणी नेल्याच नव्हत्या. आणि घड्याळदुरुस्तीचं पाठ सुटलेलं पुस्तक लगेच उचललं, कारण त्या विषयावर एकही नव्हतं आणि दोघातिघांनी सूचना वहीत लिहून मागितलेलं. म्हणजे पुस्तक भारी आहे का हा प्रश्नच नाही, इथे येणाऱ्या कोणाला ते लागणार का हा आहे. मी ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या १९३१च्या पाच नियमांतला तिसरा त्यांच्यावर फेकला, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे ना? (आदल्या रात्री वाचून गेलो होतो.) हसल्या. म्हणाल्या, पाचवा पण वाचा, ग्रंथालय वाढत असतं, भिंती नाही वाढत.

मग फॉर्म आला. देणगी परत मागणार नाही, पुढे कधी काढून टाकली तरी हरकत नाही, असं लिहिलेलं. ताईला बाबांच्या नावाचं वेगळं कपाट हवं होतं, त्याला सरळ नाही, देणगीची पुस्तकंपण विषयाप्रमाणेच लागतात. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. सही मीच केली.

आता उरलेली २०९ हॉलमध्येच आहेत. त्यातली शास्त्राची एका संशोधन ग्रंथालयाला चालतील असं बाईंनीच सुचवलंय. तिकडूनही उत्तर आलं, आधी यादी पाठवा.