रेन लिली अपडेट: बारा नंबर फुलला, आणि लेबल परत बदलावं लागतंय

मागच्या वेळी म्हटलं होतं ना की बारा नंबरच्या कुंडीतला रेन लिलीचा (पाऊस पडून गेला की फुलणारं कांद्याचं झाड) कांदा यंदा फुलेल, फुलला! मंगळवारी रात्री धो धो पाऊस झाला आणि शनिवारी सकाळी बघते तर फूल उघडलेलं, फिक्का गुलाबी रंग, घशाशी हिरवट, आणि सरळ वर न बघता एका बाजूला कललेलं. नखानं पाकळी जरा बाजूला केली तर पुंकेसर (टोकाला पराग असलेले दांडे) चार वेगवेगळ्या उंचीचे. म्हणजे खरा रोबस्टा जातीचा! याच नावानं ऑनलाइन दोनदा मागवले तेव्हा दोन्ही वेळा कॅरिनाटा ही दुसरीच रेन लिली आली होती, हा मैत्रिणीकडून अदलाबदलीत मिळालेला. माझं मत आता पक्कं झालंय, रेन लिली घ्यायची ती फुललेली बघून किंवा ओळखीच्या माणसाकडून.

आता खरा घोळ लेबलचा. मैत्रिणीनं लिहून दिलेलं हॅब्रँथस रोबस्टस. मी नवीन यादी बघून झेफिरँथेस रोबस्टा केलं, मग जुन्या पुस्तकात परत हॅब्रँथस दिसलं म्हणून खोडलं, आणि काल अख्खी दुपार याच्यातच गेली.

तर झालं असं. विल्यम हर्बर्ट म्हणून इंग्लंडमधले पाद्री होते, नंतर मँचेस्टरचे डीन झाले, कांदेवाल्या झाडांचं भयंकर वेड. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं 1753 मध्ये अ‍ॅमरिलिस या जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, टाकलेली अटामास्को लिली ही रेन लिली त्यांनी 1821 मध्ये बाहेर काढून झेफिरँथेस हे जीनस केलं, म्हणजे पश्चिम वाऱ्याचं फूल (आपल्याकडं पाऊस आणणाऱ्या वाऱ्याबरोबर फुलणाऱ्या झाडाला हे नाव किती शोभतं!). 1824 मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या कललेल्या फुलांसाठी त्यांनीच हॅब्रँथस काढलं, म्हणजे नाजूक फूल. ब्राझीलचा दक्षिण भाग, उरुग्वे, अर्जेंटिना या पट्ट्यातला आपला रोबस्टा 1829 मध्ये त्यातच छापून आला. मग लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातल्या बेकरनं 1888 मध्ये उचलून झेफिरँथेसमध्ये घातला. 1937 मध्ये सीली या वनस्पतिशास्त्रज्ञानं फुलाचा कल आणि पुंकेसरांची उंची बघून दोन्ही जीनस परत वेगळी मांडली आणि बागवाल्यांनी हॅब्रँथस नाव धरून ठेवलं, जुन्या पुस्तकातलं नाव त्यामुळेच.

शेवटी डीएनए आला. निकोलस गार्सिया आणि मंडळींनी 2014 मध्ये दाखवलं की हॅब्रँथस म्हणून ओळखली जाणारी झाडं वंशवृक्षाच्या एका फांदीवर येतच नाहीत, शिवाय या गटात फार पूर्वी आपसात संकर झाल्याच्या खुणा आहेत. 2019 मध्ये त्यांनी हॅब्रँथस झेफिरँथेसमध्ये मिसळून टाकलं, आत उपजीनस म्हणून ठेवलं. म्हणजे बेकरचंच नाव परत आलं, एकशे एकतीस वर्षांनी. शेवटचं रोबस्टस-रोबस्टा का बदलतं हे मला आधी कळत नव्हतं, ते आपल्या चांगला-चांगलीसारखं आहे, झेफिरँथेस स्त्रीलिंगी धरतात.

मला 2019 ची मांडणी पटते. पण कुंडीसमोर उभं राहिल्यावर ओळख पटवायला सीलीचीच खूण कामाला आली, त्यामुळे हॅब्रँथस नाव टाकून द्यायला जीव होत नाही.

म्हणून आधी ठरवलं की चौदाच्या चौदा लेबलं नवीन नावानं करायची. हे लिहिता लिहिता वाटतंय, नको, पुढं कुंडी नंबर आणि नवीन नाव, मागं जुनी नावं आणि कुणाकडून आला ते, म्हणजे पुढं कुणाला कांदा देताना अख्खा इतिहास सोबत जाईल. आणि परमनंट मार्कर अजिबात नको, गच्चीवरच्या उन्हात एका उन्हाळ्यात उडतो. टूबी पेन्सिल आणि जुन्या खिडकीच्या पडद्याच्या पट्ट्या, माझी दोन वर्षांपूर्वीची लेबलं अजून स्वच्छ वाचता येतात.

अजून एक सुचलं! कॅरिनाटा माझ्याकडं कधीच बी धरत नाही, पण पराग तर देतोय, आणि सात नंबरला आत्ता दोन फुलं आहेत. बारा नंबरची दुसरी कळी अजून मिटलेली आहे. उद्या उजाडायच्या आत ती हलकेच उघडून चिमट्यानं सहाही परागकोष काढणार, मग कॅरिनाटाचा पराग लावून मलमलच्या पिशवीत बांधणार. बी धरलं तर त्या पट्टीवर काय लिहायचं ते आत्ताच सांगून ठेवा, दोन्ही आता एकाच जीनसमधले आहेत.