ॲनापोलिसच्या शिस्तीच्या वह्या वाचताना: माझा अनुभव

जॉन हेन्री कॉन्यर्स हा अमेरिकेच्या नौदल अकादमीत दाखल झालेला पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. १८७२च्या सप्टेंबरात तो मेरीलँडमधल्या ॲनापोलिसला आला आणि १८७३च्या नोव्हेंबरात राजीनामा देऊन गेला. अकादमीने त्याच्याबद्दल स्वतः काय लिहून ठेवलंय, ते मला मूळ कागदांत पाहायचं होतं.

यामागे माझं स्वतःचं कारण होतं. महाराष्ट्रात मी बरीच वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. शिस्तीचं रजिस्टर रोज रात्री माझ्या सहीने बंद व्हायचं. उशिरा आली, खोली अस्ताव्यस्त, हजेरीला नव्हती. १९९९ साली राज्यात रॅगिंगविरोधी कायदा झाला, तेव्हा मी ती जुनी रजिस्टरं पुन्हा चाळली होती. ज्या मुलीला त्रास होतो तिचं नाव या वहीत कुठल्या रकान्यात येतं, हा प्रश्न तेव्हापासून मनात होता. आता मुलीकडे मेरीलँडला राहते, आणि अकादमी इथून फार लांब नाही.

पहिली अडचण पत्त्याची. सरकारी कागद म्हणजे वॉशिंग्टनचं राष्ट्रीय अभिलेखागार, असं कुणीही सांगेल. अकादमीचे अभिलेख त्यांच्या यादीत 'रेकॉर्ड ग्रुप ४०५' या नावाखाली आहेतही, पण मूळ वह्या अकादमीच्याच आवारात, निमिट्झ ग्रंथालयाच्या विशेष संग्रह विभागात ठेवलेल्या आहेत. शिस्तभंगाच्या वह्यांची मायक्रोफिल्म झालेली आहे, तिचा क्रमांक एम ९९१. तीत १८४६ ते १८५० आणि १८५३ ते १८८२ ही वर्षं सापडतात. घरबसल्या सुरुवात करायची असेल तर हा क्रमांक टिपून ठेवा.

आवार लष्करी आहे, त्यामुळे ओळखपत्राशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. आपण भारतीय पासपोर्टवर असू तर प्रवेशाचे नियम आधीच विचारून घ्यावेत. ग्रंथालयाला आधी ईमेल करून वेळ ठरवली, आणि काय हवंय ते नेमकं लिहिलं. 'शिस्तीबद्दलचे कागद' असं मोघम लिहून काही हाती लागत नाही. वर्ष, तुकडी, नाव, आणि वही हवी की पत्रव्यवहार, एवढं सांगावं लागतं.

तुकडी कळायलाही थोडा अभ्यास लागतो. तिथे वर्गांचे आकडे उलटे चालतात: चौथा वर्ग म्हणजे पहिलं वर्ष, आणि पहिला वर्ग म्हणजे शेवटचं. विद्यार्थ्यांची पदनामंही बदलत गेली. १८७०पासून ते 'कॅडेट मिडशिपमन' होते, १८८२पासून 'नेव्हल कॅडेट', आणि १९०२ साली पुन्हा नुसते 'मिडशिपमन'. यादीत चुकीचं पदनाम घालून शोधत बसलं तर माणूस सापडतच नाही.

वह्या वाचायला लागले आणि मला माझंच रजिस्टर आठवलं. तारीख, कसूर, किती डिमेरिट (म्हणजे शिस्तभंगाचे दंडगुण), तक्रार कुणाची. रांगेत बोलणं, तंबाखू, उशीर, परवानगीशिवाय गावात जाणं. डिमेरिट साचत जातात आणि ठराविक आकडा ओलांडला की घरी. पुढे मनिलाच्या उपसागरातल्या लढाईने प्रसिद्ध झालेला जॉर्ज ड्युई १८५४ साली इथे आला होता. पहिल्या वर्षाअखेर त्याच्या नावावर ११३ डिमेरिट होते आणि २०० झाले की हकालपट्टी, हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय. तो टिकला, सुधारला, ॲडमिरल झाला. मोठ्या कसुरीसाठी नुसते डिमेरिट पुरत नसत. 'सँटी' नावाचं जुनं लढाऊ जहाज धक्क्याला बांधून ठेवलेलं होतं, त्यावर मुलांना कैदेत ठेवत. १९१२ साली ते जहाज जागच्या जागी बुडालं.

ड्युईसारख्यांची पानं वाचायला मजा येते. व्रात्य मुलगा, कडक अधिकारी, पुढे नाव काढलं. बहुतेक लोक या वह्या त्यासाठीच उघडतात, आणि पणजोबांचा खोडकरपणा सापडला की खूश होतात. त्यात वाईट काहीच नाही. पण कॉन्यर्सपाशी आलं की ही वही पुरेनाशी होते.

अशी वही कसूर करणाऱ्याच्या नावाने लावलेली असते. कॉन्यर्सच्या नावापुढे काय येणार, तर कॉन्यर्सने काय केलं ते. त्याला मारहाण झाली, शिव्या मिळाल्या, वाळीत टाकलं गेलं, हे त्याच्या पानावर येण्याची सोयच नाही. मारणाऱ्यांना शिक्षा झालीच, तर ती त्यांच्या त्यांच्या पानावर. आणि जे कुणाला दिसलं नाही, किंवा दिसूनही कुणी तक्रार लिहिली नाही, ते कुठेच नाही. वसतिगृहातल्या माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं: तिच्यासाठी रकानाच नव्हता.

म्हणून पुढचा सगळा वेळ पत्रव्यवहाराला दिला. त्या काळी सुपरिंटेंडंट, म्हणजे अकादमीचे प्रमुख, होते रिअर ॲडमिरल जॉन वर्डन, यादवी युद्धात 'मॉनिटर' या चिलखती जहाजाचे कप्तान. कॉन्यर्सच्या छळाची चौकशी झाली आणि तिघांना काढून टाकण्यात आलं. म्हणजे वरच्यांना कळलं होतं, आणि त्यांनी पाऊलही उचललं होतं. तरीही तो टिकू शकला नाही. त्याच्यानंतर आलेला दुसरा कृष्णवर्णीय विद्यार्थी अलोन्झो मॅक्लेनन १८७४ साली राजीनामा देऊन गेला, पुढे डॉक्टर झाला आणि चार्ल्सटनमध्ये त्याने रुग्णालय आणि परिचारिकांचं प्रशिक्षण केंद्र उभारलं. तिसरा हेन्री बेकर. त्यालाही पदवी मिळाली नाही.

१८७४च्या जूनमध्ये अमेरिकन काँग्रेसने अकादमीतल्या रॅगिंगविरुद्ध कायदाच केला. आरोप आला की लष्करी न्यायालय, दोषी ठरला की बडतर्फी, आणि परत नेमणूक नाही. आपल्या १९९९च्या कायद्याच्या सव्वाशे वर्षं आधी! पण कायदा झाला म्हणून वहीत नवा रकाना आला नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. तक्रार लिहिण्याचा अधिकार वरच्या हातात राहतो. १९४५ साली वेस्ली ब्राउन दाखल झाला, तेव्हा त्याच्याआधी आलेल्या पाच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी एकही पदवीपर्यंत पोहोचलेला नव्हता. पहिल्या वर्षी वरच्या वर्गातल्या काही मुलांनी त्याच्यावर डिमेरिटांचा भडिमार केला. छळाचं हत्यार म्हणून त्यांनी शिस्तीची वहीच उचलली. त्याच वेळी वरच्या वर्गातले काही जण त्याला धीरही देत होते, त्यात पळण्याच्या संघातला, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला जिमी कार्टर होता. ब्राउन १९४९ साली पदवी घेऊन बाहेर पडला.

तुम्ही अशा वह्या बघायला जाणार असाल तर एक करा: तक्रार करणाऱ्याच्या नावाचा रकाना आधी वाचा. एकच नाव एकाच मुलासमोर पुन्हा पुन्हा येतंय का, तेच नाव इतरांसमोर किती वेळा येतं, हे कागदावर मांडून पाहा. एकेका पानावरून ते कळत नाही, अख्ख्या तुकडीची वही लागते. आणि वहीबरोबर त्याच महिन्यांचा पत्रव्यवहार मागवा. वेळ जातो, डोळे शिणतात, जुनं वळणदार इंग्रजी अक्षर लागायला दिवस लागतात, पण दुसरा मार्ग नाही.

मी सध्या बेकरच्या कागदांवर आहे. अकादमी सुटल्यावर तो पेटंट कार्यालयात लागला आणि तिथे त्याने कृष्णवर्णीय संशोधकांच्या पेटंटांची यादी जमवली. पेटंटच्या अर्जात वंशाची नोंद नसते, म्हणून त्याने वकिलांना आणि इतरांना पत्रं पाठवून एकेक नाव मिळवलं. त्याच्या अकादमीतल्या दिवसांचा पत्रव्यवहार मी मागवलाय. पुढच्या भेटीत तो हातात येईल.