गिलाव्याच्या पेटंटची अडीच वर्षे

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचा तयार कोरडा गिलावा बनवणारा लहानसा कारखाना आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये मी आमच्या एका मिश्रणाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ते मंजूर झाले. बांधकाम साहित्यात काही नवे करून पाहणाऱ्या लहान उद्योजकांना उपयोग व्हावा म्हणून या काळात काय घडले ते लिहीत आहे. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे, पण कायद्याशी माझा त्यापूर्वी काहीही संबंध आलेला नव्हता.

आमच्या कामाची सुरुवात तक्रारीतून झाली. घोडबंदर रस्त्यावरील बऱ्याच इमारतींच्या भिंती आता एएसी (ऑटोक्लेव्ह्ड एरेटेड काँक्रीट), म्हणजे वाफेत पक्क्या केलेल्या हलक्या काँक्रीटच्या ब्लॉकच्या असतात. हा ब्लॉक स्वीडिश वास्तुविशारद योहान अ‍ॅक्सेल एरिक्सन यांनी शोधला आणि १९२४ साली त्याचे पेटंट घेतले. सिमेंट, चुना आणि राख किंवा वाळू यांच्या ओल्या मिश्रणात थोडी अ‍ॅल्युमिनियमची पूड घातली की हायड्रोजन वायू तयार होऊन आत बारीक पोकळ्या पडतात व मिश्रण पिठासारखे फुगते, आणि मग ते दाबाखालील वाफेत सुमारे १८० ते २०० अंश तापमानाला पक्के केले जाते. त्यामुळे ब्लॉक इतका हलका होतो की कोरडा असताना पाण्यावर तरंगतो. मात्र त्याच पोकळ्यांमुळे तो गिलाव्यातील पाणी शोषून घेतो, सिमेंटला पक्के होण्यापुरते पाणी उरत नाही, आणि काही महिन्यांनी भिंतीवर केसासारख्या भेगा पडतात व ठोकल्यावर बद्द आवाज येतो. ब्लॉक आधी भिजवले तर ते कोरडे होताना आकसतात, न भिजवले तर पाणी पितात. आमच्या गिलाव्याबाबतही अशी तक्रार आली आणि एका इमारतीतील तीन खोल्यांचा गिलावा स्वखर्चाने काढून पुन्हा करून द्यावा लागला.

या दुखण्यावर सेल्युलोज ईथर नावाची पूड वापरण्याची पद्धत आहे. ती पाणी धरून ठेवते; पण जास्त घातली तर सिमेंट उशिरा घट्ट होते, माल थापीला चिकटतो आणि खर्चही वाढतो. मी प्रमाण बदलून पाहत होते, तेव्हा आमच्याकडे पंधरा वर्षे काम करणारे, मूळचे मुरबाडकडचे मिस्त्रीकाका एकदा म्हणाले, “ताई, आमच्याकडं भातगिरणीमागं तुसाच्या राखेचा ढीग असतो. पाऊस उघडून चार दिवस झाले तरी आत हात घातला की ओलच लागते.” पुढचे सर्व काम या एका निरीक्षणावर उभे राहिले.

भाताच्या तुसाच्या राखेत साधारण ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. तूस फार तापू न देता, साधारण ७०० अंशांच्या आत जाळले, तर ही सिलिका स्फटिकरूप होत नाही आणि सिमेंटमधील चुन्याशी तिची रासायनिक क्रिया होऊ शकते. शिवाय राखेच्या कणांत सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यांत पाणी साठते आणि मालाला आतून हळूहळू मिळत राहते. इथे एक गोष्ट आम्हाला बऱ्याच उशिरा कळली. राख जितकी बारीक तितकी चांगली, असे समजून आम्ही ती खूप दळत होतो, आणि त्या दळण्यात नेमक्या ह्याच पोकळ्या मोडत होत्या. दळणे कमी केल्यावर गिलावा ब्लॉकवर टिकू लागला आणि ईथरही कमी पुरले. कासारवडवलीला एका स्नेह्यांच्या घराच्या दोन भिंतींवर आम्ही तो लावून पाहिला.

यानंतर मी पेटंट एजंटकडे गेले. त्यांचा पहिलाच प्रश्न असा होता की, हे मिश्रण तुम्ही कुठे विकले आहे का, किंवा कुठे छापून दिले आहे का. आम्ही एक गोणीही विकलेली नव्हती, आणि कासारवडवलीची चाचणी केवळ परीक्षणापुरती असून तिला वर्ष झालेले नसल्यामुळे ती कायद्याच्या सवलतीत बसत होती. परंतु एका प्रदर्शनात वाटण्यासाठी आम्ही माहितीपत्रक तयार करून ठेवले होते आणि त्यात राखेचा उल्लेख ठळक अक्षरांत होता. ते वाटले गेले असते तर आमच्याच माहितीपत्रकामुळे आमचा शोध जुना ठरला असता. ते गठ्ठे मी त्याच दिवशी मागे घेतले.

दुसरे काम अशी पेटंटे आधी कोणी घेतली आहेत का, हे शोधण्याचे होते. जगभरातील पेटंटांचे विषयवार वर्गीकरण झालेले असते आणि सिमेंट, चुना, काँक्रीट यांचा वर्ग सी०४बी हा आहे. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर आणि परदेशी संकेतस्थळांवर या वर्गात कोणालाही विनामूल्य शोधता येते. मी दोन आठवडे रोज रात्री शोधत बसले आणि जे सापडले त्याने माझा धीर खचला. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्रा. पी. कुमार मेहता यांनी १९७० च्या दशकातच तुसाच्या राखेपासून सिमेंट करण्याचे पेटंट घेतलेले होते आणि त्यानंतर अशा राखेवर देशोदेशी काम झालेले होते. सेल्युलोज ईथर तर गिलाव्यात सर्रास वापरले जातेच. मग आमचे काय उरले? एजंटांनी समजावले की राख आमची नाही आणि ईथरही आमचे नाही. विशिष्ट जाडीच्या कणांची, पोकळ्या शाबूत असलेली राख ठरावीक प्रमाणातील ईथरबरोबर आली की एएसी ब्लॉकवर जे घडते, तेवढेच आमचे असू शकते. या सल्ल्याने अर्जाची दिशा ठरली.

फेब्रुवारी २०२१ मध्ये आम्ही तात्पुरत्या तपशीलपत्रासह, म्हणजे शोधाच्या प्राथमिक लेखी वर्णनासह, अर्ज दाखल केला. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केल्यास त्याचे शुल्क १,६०० रुपये होते. अशा अर्जाने तारीख आपल्या नावावर लागते आणि संपूर्ण तपशीलपत्र देण्यासाठी बारा महिने मिळतात. शोधकर्ते कोण, हे अर्जात लिहावे लागते, आणि तिथे मी मिस्त्रीकाकांचे नाव माझ्या नावाबरोबर घातले. काही नातेवाइकांना हे अनावश्यक वाटले, कारण काका पगारावर काम करत होते. परंतु ज्या कल्पनेवर दावा, म्हणजे पेटंटमध्ये मागितलेला हक्क, उभा आहे ती कल्पना ज्याच्याकडून आली तो शोधकर्ता असतो आणि पगाराने ती गोष्ट बदलत नाही. अर्जदार मी एकटी राहिले व काकांनी आपला हक्क माझ्या नावे लिहून दिला. त्याचा मोबदला आम्ही कागदावर ठरवून दिला.

संपूर्ण तपशीलपत्र लिहिणे हे माझ्यासाठी सर्वांत अवघड काम होते. ते इंग्रजीत किंवा हिंदीतच द्यावे लागते. त्याहून मोठी अडचण अशी की मिस्त्री बोटाच्या पेराने ठोकून जे सांगतात, ते न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर अशा एककात मांडावे लागते. त्यासाठी गिलाव्यावर धातूची चकती चिकटवून ती किती जोराने ओढल्यावर गिलावा ब्लॉकपासून सुटतो हे मोजतात. शिवाय आपली सर्वांत चांगली कृती लपवून ठेवता येत नाही. लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन यांनी १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, तेव्हा त्यात चुनखडी आणि माती यांचे प्रमाण आकड्यांत दिलेले नव्हते. आज असे चालत नाही. या क्षेत्रातील जाणकार माणसाला तपशीलपत्र वाचून तोच माल करता आला पाहिजे, अशी कायद्याची अट आहे. आमच्या धंद्यात प्रमाण हेच गुपित असते, त्यामुळे ते लिहून देताना मला फार जड गेले.

फेब्रुवारी २०२२ मध्ये संपूर्ण तपशीलपत्राबरोबर आम्ही लवकर प्रसिद्धीची आणि जलद तपासणीची विनंती केली. अर्जदारांत महिला असेल तर जलद तपासणी मागता येते ही तरतूद २०१९ पासून आहे, आणि ती अनेक महिला उद्योजकांना ठाऊक नाही म्हणून येथे मुद्दाम सांगते. प्रसिद्धीचे २,५०० व तपासणीचे ८,००० धरून सरकारी शुल्क एकूण १२,१०० रुपये झाले, कारण आम्ही दावे दहांच्या आत आणि पाने तीसांच्या आत ठेवली होती. एजंटांचे मानधन आणि चाचण्या यांचा खर्च याच्या कितीतरी पट झाला.

जुलै २०२२ मध्ये पहिला तपासणी अहवाल आला. त्यात नावीन्यावर आणि शोधाच्या पायरीवर (म्हणजे जाणकाराला हे सहज सुचले नसते का, यावर) आक्षेप होते, ते आम्हाला अपेक्षित होते. मुख्य आक्षेप पेटंट कायद्याच्या कलम ३(ई) खालील होता. ज्या मिश्रणात घटकांच्या गुणांची नुसती बेरीज होते, ते मिश्रण या कलमानुसार शोध मानले जात नाही. सिमेंट, गिलावा, रंग, चिकट पदार्थ यांच्याशी संबंधित कोणत्याही अर्जाला या कलमाला तोंड द्यावे लागण्याची शक्यता असते. आमच्या तपशीलपत्रात साधा गिलावा आणि आमचा गिलावा यांची तुलना होती, परंतु केवळ राख घातलेला गिलावा आणि केवळ ईथर घातलेला गिलावा यांचे आकडे नव्हते. मी ते मोजलेच नव्हते. कारखान्यात आपण चांगला निघालेला माल पुढे नेतो, बिघडलेल्या घाण्याची नोंद ठेवत नाही, आणि ही सवय मला महागात पडली.

उत्तरासाठी सहा महिने होते. आम्ही चार मिश्रणे ठरवली: साधे, राखेचे, ईथरचे आणि दोन्हींचे. सिमेंट एकाच गोणीचे, वाळू एकाच चाळणीची आणि ब्लॉक एकाच घाण्यातले घेतले. पावसाळी हवेत ब्लॉकमधील ओल रोज बदलते, म्हणून ते भट्टीत कोरडे करून मग ठरावीक वेळ खोलीत ठेवले. ७०.६ मिलिमीटरचे ठोकळे पाडून २७ अंशांना ठेवले, पाणी धरून ठेवण्याची चाचणी आयएस २२५० या भारतीय मानकात दिलेल्या रीतीने केली आणि चिकटण्याची चाचणी अठ्ठावीस दिवसांनी करायची ठरवली. ही कामे आम्ही नवी मुंबईतील एका प्रयोगशाळेकडे दिली. सप्टेंबरमध्ये अहवाल हाती आला तेव्हा राखेच्या मिश्रणाचे आकडे ईथरच्या नावापुढे असल्याचा मला संशय आला, कारण ईथरचा माल इतका कमी पाणी धरणे शक्यच नव्हते. चौकशी केल्यावर नमुन्यांवरील चिठ्ठ्या अदलाबदल झाल्याचे कळले. आकडे नुसते उलटे करून वापरा असे मला सुचवण्यात आले. मी ते नाकारले, कारण जिथे चिठ्ठ्यांचाच भरवसा नाही तिथे उरलेल्या दोन मिश्रणांचाही भरवसा धरता येत नव्हता. दोन महिने वाया गेले. दुसऱ्या प्रयोगशाळेत सर्व चाचण्या नव्याने केल्या आणि या वेळी प्रत्येक ठोकळा पाडताना मी स्वतः उभी राहिले, ठोकळ्यांवर रंगाने क्रमांक घातले आणि छायाचित्रे घेतली.

नोव्हेंबरच्या मध्यावर निकाल आले. राखेने पाणी धरण्याची क्षमता थोडी वाढली होती, ईथरने बरीच वाढली होती, आणि दोन्ही एकत्र असताना झालेली वाढ या दोन वाढींच्या बेरजेहून स्पष्टपणे जास्त होती. चिकटण्याच्या ताकदीतही असेच दिसले. तो कागद पाहून मला जे समाधान झाले ते पुढे पेटंट मिळाल्यावरही तितके झाले नाही, कारण आपल्या मिश्रणात दोन घटक एकमेकांना साहाय्य करतात हे मला अंदाजाने माहीत होते, ते आता आकड्यांत उतरले होते. या आकड्यांच्या आधारे तपशीलपत्रात नवा मजकूर घालता येत नाही. सुदैवाने मूळ तपशीलपत्रात एजंटांनी एक वाक्य घातलेले होते की, दोन्ही घटक एकत्र असताना परिणाम वेगवेगळ्या परिणामांहून अधिक दिसतो. त्या वाक्यामुळे नव्या चाचण्या पुरावा म्हणून जोडता आल्या. डिसेंबरमध्ये उत्तर गेले. त्यात आम्ही दावेही आवळले आणि राखेच्या कणांची जाडी थेट पहिल्याच दाव्यात आणली.

एप्रिल २०२३ मध्ये व्हिडिओ कॉन्फरन्सवर सुनावणी झाली. पेटंट कार्यालयाच्या नियंत्रकांनी कणांच्या किमान जाडीबद्दल बारकाईने विचारले, आणि जास्त दळल्यावर पोकळ्या मोडतात हे सांगताना मला आमच्या फसलेल्या घाण्यांचा आधार घेता आला. पंधरा दिवसांत लेखी निवेदन दिले. ऑगस्टमध्ये मंजुरी आली. पेटंटची वीस वर्षे फेब्रुवारी २०२१ पासून मोजली जातात, त्यामुळे तिसऱ्या वर्षाचे ८०० रुपये नूतनीकरण शुल्क मंजुरीनंतर लगेचच भरावे लागले.

मार्च २०२४ मध्ये नियम बदलले आणि शोधकर्त्याला स्वतःच्या नावाचे वेगळे प्रमाणपत्र मागण्याची सोय झाली. तोपर्यंत भिंतीवर लावलेल्या चौकटीत पेटंटधारक म्हणून माझे नाव मोठ्या अक्षरांत होते. मी काकांच्या नावाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज भरला. नाव कसे लिहायचे असे विचारले तेव्हा ते म्हणाले, “वडिलांचं नाव पूर्ण लिहा, ताई, गिलाव्याचं काम त्यांनीच शिकवलं.” अर्जात शोधकर्त्याचे नाव पूर्वी आद्याक्षरांसह गेलेले होते, म्हणून आधी ते दुरुस्त करून घेण्याची विनंती आम्ही केली आणि त्यानंतर प्रमाणपत्राचा अर्ज पाठवला.