पिलबॉक्स लॉग, भाग ३: शेवटी आतली मापं मिळाली

मंडळी, हिवाळाभर हा लॉग थांबला होता त्याचं कारण वटवाघळं. इंग्लंडातल्या अशा जुन्या पिलबॉक्समध्ये (दुसऱ्या महायुद्धातल्या, बंदूक चालवायला झरोके ठेवलेल्या काँक्रीटच्या छोट्या चौक्या) ती थंडीत झोपतात, त्यांना त्रास देणं १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे नोव्हेंबरपासून मी आत पाऊल टाकलं नाही आणि कायदा नसता तरी टाकलं नसतं. परवा शेतमालकाला विचारून, आत कुणी लटकलेलं नाही ना ते बघून मगच टेप काढला.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, आपला बॉक्स रेडिंग आणि न्यूबरीच्या मधे, केनेट अँड एव्हन कॅनॉलच्या काठावर, टाइप २४, म्हणजे सहा भिंतींचा नमुना. १९४० चा उन्हाळा, डंकर्कहून ब्रिटिश सैन्य माघारी आल्यावर जर्मन कधीही उतरतील अशी भीती, तेव्हा जनरल आयर्नसाइडने ही जीएचक्यू लाइन (देशाच्या आतली बचावाची फळी) आखली आणि रणगाडे अडवायला कॅनॉलचं पाणीच खंदक म्हणून वापरलं. ब्रिटनभर अशी साधारण २८,००० बांधकामं झाली, त्यातली ६,५०० च्या आसपास उरलीत.

आता मापं. मागची भिंत १४ फूट, बाकीच्या पाच साडेसात फुटांच्या आसपास, जाडी ४० इंच!! मागच्या वेळी मागची भिंत मी १३ लिहिली होती ती चूक, खाजकुयलीसारख्या नेटल्समुळे टेप कोपऱ्यापर्यंत गेलाच नव्हता, प्लीज दुरुस्त करून घ्या. आत मधोमध वाय आकाराची भिंत आहे, एका झरोक्यातून गोळी आत आली तर उसळून सगळ्यांना लागू नये म्हणून, आणि छतालाही तोच टेकू.

पण मला जे सांगायचंय ते वेगळंच. दोन वर्षं मी बाहेरून फोटो काढतोय आणि हा इथेच का बांधला ते नीट कळलं नव्हतं. आत वाकून ब्रेन गनच्या (हलक्या मशीनगनच्या) जंगीला (आपल्या किल्ल्यांच्या तटात असते तीच, दुसरा शब्द सुचत नाही) डोळा लावला आणि कॅनॉलवरचा पूल बरोब्बर चौकटीत! दार उत्तरेला, बंदुकांची तोंडं दक्षिणेला, पाण्यापलीकडे. इथे उभ्या राहिलेल्या पोराला दिवसभर तेवढाच पूल दिसत असणार. मी बराच वेळ तिथून हललो नाही.

छताला सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे अजून स्पष्ट आहेत, लाकडाच्या गाठीसुद्धा दिसतात, ८० वर्षांनंतर! म्हणून या बॉक्सचं १:३५ मापाचं छोटं मॉडेल करतोय त्याचा प्लॅन बदलला, प्लास्टिक शीट रद्द, बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) पट्ट्यांचा साचा करून प्लास्टर ओतायचं, म्हणजे ठसे आपोआप उमटतील. मागची भिंत १२२ मिमी, जाडी २९. पहिला साचा कोपऱ्यात गळला, दुसऱ्याला आतून मेण लावलंय आणि काल रात्री ओतलाय, रविवारी फळ्या सोडवतो आणि फोटो टाकतो.