लग्नानंतरचं पहिलं वर्ष : आमच्या स्टुडिओची वाटचाल

पुण्यात लग्नाचे फोटो काढणारे पुष्कळ आहेत आणि त्यातले बरेच जण उत्तम काम करतात. आमचा छोटा स्टुडिओ आता लग्नाइतकाच लग्नानंतरच्या पहिल्या वर्षासाठी ओळखला जातो. कुलदैवताचं दर्शन, पहिली संक्रांत, मंगळागौर, दिवाळसण असे घरातले प्रसंग आम्ही वर्षभर टिपतो आणि वर्ष सरलं की त्या सगळ्यांचा मिळून एक अल्बम करून देतो. हे काम सुचलं आमच्याच लग्नाच्या पहिल्या वर्षात. त्यामुळे धंद्याची गोष्ट सांगायची तर घरचं सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

मी 2017 मध्ये नारायण पेठेतल्या माहेरच्या घरी, रस्त्याकडच्या खोलीत सुरुवात केली. हाताशी शॉप ॲक्टचा कागद, क्रॉप सेन्सरचा एक कॅमेरा, 50 एमएमची लेन्स आणि एक फ्लॅश. सुरुवातीची कामं बारशाची, मुंजीची, साखरपुड्याची. लग्नाच्या कामात मला ओढलं ते एका ज्येष्ठ फोटोग्राफर काकांनी. काकांची उमेदीची वर्षं रोलवर गेली. एका रोलमध्ये 36 फ्रेम, म्हणून बटण दाबण्याआधी ते आजही क्षणभर थांबतात. आजी-आजोबांचा ग्रुप सगळ्यात आधी घ्यायचा आणि त्यांना जेवायला वेळेवर सोडायचं, मागे राहिलेल्या आत्याबाईंना आपणच हाक मारून पुढे बोलवायचं, हे सगळं त्यांचं शिक्षण. मंगलाष्टकांचं शेवटचं कडवं सुरू झालं की जागा सोडायची नाही, हेही त्यांचंच. अंतरपाट दूर होतो त्याच वेळी अक्षता पडतात, वाजंत्री सुरू होते आणि सगळे पाहुणे मोबाईल उंचावून पुढे येतात. तेव्हा पाय रोवून उभं राहावं लागतं.

आमच्या धंद्याचं कॅलेंडर पंचांगावर चालतं. तुळशीचं लग्न झालं की कामं सुरू होतात. पौषात थोडी उसंत, माघ-फाल्गुनात पुन्हा धावपळ आणि वैशाख-ज्येष्ठात नुसती झुंबड. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की हात रिकामे. पंचांगात गौणकाळातले, म्हणजे अडचणीला चालणारे, मुहूर्त दिलेले असतात, त्यामुळे अगदीच शुकशुकाट नसतो, पण त्या चार महिन्यांत घरभाडं आणि कॅमेऱ्याचे हप्ते थांबत नाहीत. लग्नाच्या फोटोग्राफीत टिकणं म्हणजे हे चार महिने निभावणं, असं माझं ठाम मत आहे. चांगले फोटो काढणारी कितीतरी मुलं याच काळात दुसऱ्या नोकरीला लागलेली मी पाहिली आहेत.

माझं लग्न रीतसर स्थळ बघून ठरलं. बघण्याच्या कार्यक्रमात नवऱ्याने, म्हणजे तेव्हाच्या मुलाने, मला विचारलं, "लोकांच्या लग्नाचा डेटा तू किती ठिकाणी ठेवतेस?" तो हिशेब तपासण्याच्या कामातला माणूस. मी सांगितलं, कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरतात, घरी आल्या आल्या दोन हार्ड डिस्कवर जातात आणि तिसरी प्रत मामाच्या घरी कोथरूडला असते. त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान बघूनच माझा होकार निम्मा झाला होता. लग्नानंतर त्याने स्टुडिओच्या वह्या हातात घेतल्या. बयाण्याची पावती, उरलेल्या रकमेचे टप्पे, किती तास काम, अल्बम कधी मिळणार, हे सगळं लेखी द्यायची पद्धत त्याची. उलाढाल सेवांसाठीच्या 20 लाखांच्या मर्यादेकडे सरकू लागली तेव्हा त्याने वेळेवर जीएसटीची नोंदणी करून घेतली आणि 18 टक्के कर दरपत्रकात स्वच्छ वेगळा दाखवायला लावला. लोक बिचकतील अशी मला धास्ती होती. उलट पक्की पावती देणारी म्हणून पुढची कामं आली.

आमचं लग्न डिसेंबर 2022 मधलं, ऐन मार्गशीर्षातलं. फोटो अर्थातच काकांनी काढले. बोहल्यावर उभं राहिल्यावर मला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. माझी आजी समोर खुर्चीवर बसली होती आणि संपूर्ण कार्यात ती स्टेजपर्यंत एकदाच आली. कार्यालयातल्या लग्नात माणसं रांगेने येतात, आहेर देतात, कॅमेऱ्याकडे बघतात आणि जेवणाच्या हॉलकडे वळतात. त्यात कुणाचंच काही चुकत नाही. पण ज्या माणसांमध्ये आपण वाढलो आणि ज्यांच्यात आता राहायला जाणार आहोत, ती एकमेकांशी बोलताना, काही करताना दिसतात ती पुढच्या वर्षभरात, घरात.

लग्नाच्याच आठवड्यात आम्ही जेजुरीला गेलो. सासरचं कुलदैवत खंडोबा. नव्या नवरीला उचलून नवऱ्याने पाच पायऱ्या चढायची, ही तिथली रीत. दीरांच्या हातात मी माझा कॅमेरा दिला होता, स्वच्छ प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणि न सरकणारी लेन्स लावून. भंडारा म्हणजे बारीक हळद. लांबी कमी-जास्त होणाऱ्या झूम लेन्समध्ये ती हवेबरोबर आत ओढली जाते आणि मग लेन्स उघडून साफ करावी लागते. आज आमच्याकडे जेजुरीची कामं नियमाने असतात आणि तिथे वर गेल्यावर लेन्स बदलायची नाही हा आमचा पहिला नियम आहे.

मग आली संक्रांत. 15 जानेवारीला सासूबाईंनी काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने पुढे ठेवले. हार, बाजूबंद, मुकुट, सगळं घरी केलेलं. रात्री जागून त्यांनी हलवा दोऱ्यात गुंफला होता. काळ्या साडीवर पांढरा हलवा हा फोटोग्राफरसाठी अवघड विषय. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतं. काळं खूप दिसलं की ते उजेड वाढवतं आणि हलव्याचा काटा, ज्यासाठी एवढा खटाटोप, तो पांढऱ्या डागात विरून जातो. एक्सपोजर, म्हणजे फोटोत उतरणारा उजेड, एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) खाली आणून खिडकीच्या बाजूच्या उजेडात उभं केलं की दाणा न् दाणा वेगळा दिसतो. त्या दिवशी मी ट्रायपॉडवर कॅमेरा लावून स्वतःचेही फोटो काढले आणि सासूबाईंचे, दागिना बांधतानाचे. आमच्या घरात भिंतीवर लागलेला पहिला फोटो त्यांच्या हातांचा आहे.

कुलस्वामिनी कोल्हापूरची अंबाबाई, म्हणून जानेवारीअखेर तिकडे. तारखा मीच मागून घेतल्या होत्या, कारण 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी किरणोत्सव असतो. देऊळ पश्चिमाभिमुख. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. आकाश निरभ्र असेल तर पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, नंतर वर वर सरकत मुखापर्यंत पोचतात. नोव्हेंबरात 9 ते 11 तारखेला पुन्हा तसंच. गाभाऱ्यात कॅमेरा चालत नाही आणि चालू नये. गर्दीत उभं राहून मी तो उजेड नुसता पाहिला. उजेडाची दिशा आणि वेळ आधी ओळखून त्याप्रमाणे बांधकाम करणारे लोक आपल्याकडे होऊन गेले, या विचाराने मला फार बळ आलं.

कोल्हापुराहून तसंच पुढे बेळगाव, हुबळी, गदगमार्गे हंपी. हा आमचा मधुचंद्र. विरूपाक्ष मंदिरात गोपुराच्या मागच्या बाजूला एका अंधाऱ्या दालनात भिंतीवर गोपुराची उलटी छाया पडते. समोरच्या लहानशा छिद्रातून येणारा उजेड ते काम करतो. कॅमेऱ्याचं तत्त्व हेच. नवऱ्याला मी लेन्स, ॲपर्चर वगैरे पूर्वी अनेकदा समजावलं होतं. त्या भिंतीसमोर त्याला ते एका मिनिटात कळलं आणि परतीच्या वाटेवर त्याने मला विचारलं, "आपल्या घरात हे वर्षभर जे चाललंय, ते बाकीच्या घरांतही चालत असेल ना? मग त्यांचे फोटो कोण काढतं?"

व्यवसाय म्हणून विचार सुरू झाला तो तिथे. त्या वर्षी त्याची गरजही होती. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, 18 जुलै ते 16 ऑगस्ट, त्यामुळे चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. 29 जूनच्या आषाढीपासून 23 नोव्हेंबरच्या कार्तिकीपर्यंत लग्नांची वाट बघायची होती. पण नव्या जोडप्यांच्या घरात सणांची रांग नेमकी त्याच काळात असते. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण, निज श्रावणात मंगळागौर, मग गौरी-गणपती आणि दिवाळसण. आमचा रिकामा काळ हाच त्यांचा भरगच्च काळ होता.

सगळ्यात आधी आमच्याच नात्यातल्या एका मुलीची मंगळागौर केली, सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात. सकाळी सोळा पत्रींची पूजा, पूजेला बसलेल्या वसोळ्या, म्हणजे नव्यानं लग्न झालेल्या मुली, संध्याकाळी आरती आणि रात्री खेळ. झिम्मा, लाटण्याची फुगडी, सूप नाचवणं. बाहेर पाऊस, आत माणसं दाटीवाटीने, आणि छतावर एक ट्यूबलाइट. फ्लॅश मारला तर खेळणाऱ्या बायका डोळे मिटतात, म्हणून कमी उजेडात चालणारी एफ 1.8ची 35 एमएम लेन्स आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, 3200च्या पुढे. फुगडी गोठवायची तर शटर सेकंदाच्या 1/250 भागाचं लागतं. मला मात्र 1/30 आवडतं: हात एकमेकींत घट्ट, चेहरे बऱ्यापैकी स्थिर आणि नऊवारीचे काठ गोल फिरत पुसट झालेले. त्यातला एक फोटो त्या मुलीच्या आजीने मोठा करून मागितला. त्या आजी स्वतः फुगडी घालत होत्या. लग्नाच्या अल्बममध्ये त्या खुर्चीत आहेत.

तिच्या मैत्रिणींकडून पुढची कामं आली आणि मग आम्ही पहिल्या वर्षाचा वेगळा करार तयार केला. प्रत्येक सणाला पूर्ण दिवस नाही, दोन-तीन तास. एकच फोटोग्राफर, म्हणजे घरात गर्दी नको. फोटो पेनड्राइव्हवर देतोच, पण निवडक फोटोंच्या प्रिंट त्या त्या सणाच्या महिन्यातच घरी पोचवतो. प्रिंटबाबत मी आग्रही आहे. मोबाईलमधला फोटो आजीपर्यंत जात नाही. कागदावरचा फोटो शेजारणीलाही दाखवला जातो.

या कामात सासूबाईंचा वाटा मोठा आहे. प्रत्येक घराच्या चालीरीती वेगळ्या. कुणाकडे सूनमुख आधी, कुणाकडे लक्ष्मीपूजन. देवकाला कुठल्या झाडाची पानं, बोडण कधी भरायचं, वाण चांदीच्या ताटात की पितळेच्या. त्या ग्राहकांच्या घरातल्या थोरल्या बाईंना स्वतः फोन करतात, "वहिनी, तुमच्याकडे कसं असतं?" असं विचारून वहीत लिहून घेतात. ती वही कामाच्या आदल्या रात्री आम्ही एकत्र वाचतो. देशस्थ, कोकणस्थ, मराठा, सीकेपी, सारस्वत अशी घरं त्यात आहेत. विधी पुढे कुठे वळणार हे आधीच ठाऊक असलं की गुरुजींना थांबवावं लागत नाही आणि कुणाला पुन्हा एकदा ओवाळायला लावावं लागत नाही.

रोजचा दिवस आजही साधाच. सकाळचा मुहूर्त असेल तर पहाटे चारला उठणं, रात्री चार्ज केलेल्या बॅटऱ्या मोजून भरणं, नवरा लाइटचे स्टँड स्कूटरच्या पुढे आडवे घेऊन मला कार्यालयाशी सोडतो आणि तिथून त्याच्या कामावर जातो. लग्नाचा वाढदिवस मार्गशीर्षात, म्हणजे दर वर्षी कुणाच्या तरी लग्नात. रात्री घरी पोचल्यावर तो आम्ही साजरा करतो आणि मला तो तसा आवडतो. आमची भटकंती पावसाळ्यातली: ताम्हिणी, भाद्रपदात कास, आणि हिवाळ्यात एखादी तारीख मोकळी निघालीच तर भिगवणला उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी. पुण्यातल्या पावसात लेन्सच्या काचांना बुरशी धरते, म्हणून पहिल्या नफ्यातून आम्ही ड्राय कॅबिनेट घेतलं. आत आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांवर राहते. नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना मी तिसऱ्या लेन्सच्या आधी हे घ्यायला सांगते.

आता पहिल्या वर्षाची ती घरं डोहाळजेवणाला आणि बारशाला बोलावू लागली आहेत. काका अजूनही मोठ्या लग्नांना आमच्याबरोबर असतात, ग्रुप फोटोंची बाजू पूर्णपणे त्यांची.

यंदा, 2026 मध्ये, अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून आहे, म्हणजे लग्नसराईचा मधलाच महिना गेला. लग्नं एप्रिलमध्ये आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात दाटली आहेत. उरलेली 25 जुलैच्या आषाढीच्या आत, भर पावसात. त्यासाठी एक जादा कॅमेरा आणि पावसाळी कव्हरं घेतली आहेत. मधला महिना धोंड्याच्या वाणांसाठी राखून ठेवला आहे. रविवार भरत आले आहेत. मंगळवार-बुधवार मोकळे आहेत आणि सासूबाई फोनवर सगळ्यांना सांगत आहेत की वाण द्यायला अधिकातला प्रत्येक दिवस चांगलाच.