आमची वाटचाल : चार ओळींचे पैसे

सॉफ्टवेअरची मॅन्युअलं लिहून देणं हा आमचा धंदा, आणि दर पानामागे. त्यामुळे ‘प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर चार ओळींचा सारांश टाकतो’ म्हटलं की समोरून विचारणा ठरलेली : पानं किती वाढतील? एकही नाही. मग पैसे कशाचे?

याच हिशेबावर एका स्पर्धकाने आमचं सगळ्यात मोठं काम नेलं. डॉक्सिजन (कोडमधल्या टिपांवरून आपोआप मॅन्युअल काढणारं साधन) चालवून कोडमधून जाडजूड पीडीएफ काढली, दिली. क्लासच्या, म्हणजे कोडच्या घटकांच्या, यादीत नावांपुढचा सारांशाचा रकाना कोरा! डॉक्सिजनचं ‘जावाडॉक ऑटोब्रीफ’ हे सेटिंग मुळात ‘नो’ असतं. ते ‘येस’ केलं नाही आणि कॉमेंटमध्ये (कोडमधल्या टिपेत) ‘ब्रीफ’ ही खूणही लिहिली नाही, तर पहिलं वाक्य सारांश म्हणून उचललंच जात नाही. एका ओळीचं काम होतं हो. पण बिल त्याचं निघालं, आमच्याकडे दोन महिने पगाराची ओढाताण.

हात आमचेही पोळलेत. पूर्णविराम आणि त्यानंतर मोकळी जागा दिसली की जावाडॉक, म्हणजे जावा भाषेतल्या कोडसाठीचं तसंच साधन, सारांश तिथेच तोडतं. आमच्या पहिल्याच वाक्यात ‘ई.जी.’ होतं, यादीत वाक्य अधांतरी लटकलं. जेडीके (जावाचा साधनसंच) १० पासून सारांश कुठवर ते सांगणारा ‘समरी’ टॅग आहे. जुन्या कोडवर ‘फॉर एक्झाम्पल’ असं सबंध लिहावं.

तगलो ते साखर कारखान्यांना वजनकाट्याचं सॉफ्टवेअर देणाऱ्या एका ग्राहकामुळे. ते पानं नव्हे, सपोर्टचे फोन मोजत. ‘निव्वळ वजन का येत नाही?’ हा गाळप हंगामातला रोजचा फोन. उत्तर मॅन्युअलात होतं, पण पार आत. आम्ही प्रकरणाच्या सुरुवातीला, हे काय करतं याच्याखाली, काय करत नाही तेही लिहिलं : ‘रिकाम्या गाडीचं वजन जुन्या नोंदीवरून घेतलं जात नाही, दर खेपेला करावं लागतं.’ सारांशातली सगळ्यात कामाची ओळ हीच असते, आणि नेमकी तीच लोक गाळतात.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी सारांश शेवटी लिहावा. व्हर्जनचे आकडे, डिफॉल्ट (मुळात ठरलेली) मूल्यं त्यात घालू नयेत; खालचा मजकूर सुधारला जातो, वरच्या चार ओळींकडे कोणी फिरकत नाही. स्फिंक्स या मॅन्युअल बनवायच्या साधनात आम्ही सारांशाची फाइल वेगळी ठेवून हव्या त्या जागी ‘इन्क्लूड’ करतो, म्हणजे प्रकरणात आणि पहिल्या पानावर एकच मजकूर राहतो.

हल्ली कोटेशनमध्ये सारांशाचा दर वेगळा लावतो, प्रकरणामागे. घासाघीस त्याच ओळीवर होते.